सामायिक विहीर, खासगी कुलूप

आमच्या तळेगावात, म्हणजे श्यामजी पंताच्या, म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं प्रोग्रॅममधलं कुलूप, शिकवायला फळा लागत नाही. संत्र्याचा बगीचा, सामायिक विहीर आणि वाटण्या झालेले दोन भाऊ एवढं पुरतं. आमच्या घरी तिन्ही आहेत.

घर एक होतं तेव्हा मोटरच्या पेटीची किल्ली ओसरीतल्या खिळ्याला असे. पाणी द्यायचं त्यानं न्यावी, बाकीच्यांनी रिकाम्या खिळ्याकडे बघत बसावं. एका प्रोसेसमधले, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममधले, थ्रेड असेच नांदतात. एका वेळी एकालाच आत कसं सोडायचं, या प्रश्नाचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रानं १९६५ साली छापलं. आमच्या आजोबांनी न छापताच वापरलं.

मग वाटणी झाली. युनिक्समध्ये तिला फोर्क म्हणतात. एका प्रोसेसच्या दोन होतात आणि नव्या घरी सगळ्याची नक्कल जाते, साध्या मेमरीतल्या कुलपाचीसुद्धा. काकांनीही नवा खिळा ठोकला, त्याला दुसरी किल्ली. आता आपल्या खिळ्याला किल्ली दिसली की मोटर मोकळी, असा दोघांचाही समज. रात्रीची लाइन आली. काका कॉक आपल्याकडे फिरवून गेले, मागून बाबांनी तो आपल्याकडे फिरवला, पुन्हा काका आले. झाडांच्या आळ्यांपेक्षा बांधच जास्त भिजला.

"काहून बे, तुया कॉम्प्युटरात बी भावकी हाय का?" काकांनी विचारलं.

आहे, आणि तिचा कायदाही आहे. म्युटेक्स दोन्ही प्रोसेसना दिसेल अशा सामायिक मेमरीत ठेवायचं. तेवढ्यानं भागत नाही. ते तयार करतानाच 'प्रोसेस-शेअर्ड' अशी नोंद लागते, नाहीतर पॉसिक्स, म्हणजे युनिक्सची नियमावली, त्याला खासगीच धरते. तलाठ्यासारखीच, तोंडी काही ऐकत नाही.

खरा घोळ पुढे. कुलूप धरलेली प्रोसेसच मेली तर? बाकीच्या जन्मभर ताटकळतात. त्यासाठी 'रोबस्ट' म्युटेक्स. पुढच्याला कुलूप मिळतं, पण निरोपासकट: आधीचा मालक मेला, त्यानं अर्धवट टाकलेलं काम निस्तर. निस्तरून तसं जाहीर केलं तर व्यवहार सुरू. जाहीर न करताच सोडलं, तर ते कुलूप सगळ्यांनाच बाद. एकच अट, मालक खरोखर मेलेला हवा. किल्ली खिशात घालून एसटीनं अमरावतीला गेलेला चालत नाही.

हे काकांना सांगितलं, कारण ते परवाच तसे गेले होते.

"म्हणजे मले मेला समजून किल्ली घेशीन?" काका म्हणाले. "घे. पण पयले तेरवीचं जेवण वाढ. मी येतो जेवाले."