दिग्दर्शकासोबत जेवण

त्याचं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर आणि त्याच्या आईच्या रागात उरलंय. एरंडवण्यातल्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्याला 'डायरेक्टर' म्हणतात. अशी हाक आली की तो मान किंचित तिरकी करून हसतो. त्या हसण्यात 'कशाला लाजवता' कमी आणि 'पुन्हा एकदा म्हणा' जास्त असतं.

वय पस्तिशीला टेकलेलं. दाढी, खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी. झोळीत एक वही, दोन पॉवर बँका आणि कुणाची तरी परत न केलेली पुस्तकं. दिवसा हिंजवडीत कोड लिहितो आणि रात्री पटकथा. पहिल्या फटक्यात दोन्ही चालत नाहीत. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी रंगमंचावर लाइट पाडायचा, तेव्हापासून अंधाराबद्दल त्याला फार बोलायचं असतं. फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दोनदा दिली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या फाटकासमोरून जाताना आजही गाडीचा वेग कमी करतो, माणसं देवळासमोरून जाताना करतात तसा. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून इथं आली, 1960 साली त्याच जागेत इन्स्टिट्यूट निघाली आणि 1990 साली तिथून चालत बारा मिनिटांवर आपण जन्मलो, या तिन्ही गोष्टी तो एका दमात सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तिन्हींचा एकमेकींशी संबंध असावा.

तर हा डायरेक्टर एका रविवारी सकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, क्राउडफंडिंग करतोय."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पहिला प्रश्न विचारला, "व्याज किती?"

"काका, ही गुंतवणूक नाही. शॉर्टफिल्म आहे."

मग त्यानं मला पाऊण तास समजावलं. कुणी एक निर्माता नाही, लोकच निर्माते. ज्याला जेवढे द्यायचे तेवढे त्यानं संकेतस्थळावर भरायचे. बदल्यात नफा नाही, शेअर नाही. मिळतो तो 'रिवॉर्ड'. सेबीनं 2014 साली अशा गोष्टींवर एक चर्चापत्र काढलं होतं ते मला ठाऊक होतं, पण ते शेअर विकून पैसे उभारण्याबद्दल. इथं विकायला एक म्हातारा, एक वाडा आणि बंद पडलेला रेडिओ एवढंच होतं. हे म्हणजे चित्रपटाचं कथानक. अकरा मिनिटं. संवाद नाहीत. पुण्यात शॉर्टफिल्म करणाऱ्याला म्हातारा आणि वाडा कुठल्या कायद्यानं सक्तीचे केलेत, ते एकदा पाहायला हवं.

लक्ष्य तीन लाख, मुदत पंचेचाळीस दिवस. आणि अट अशी की 'सगळं किंवा काहीच नाही'. शेवटच्या रात्री बारापर्यंत तीन लाख झाले तर पैसे याला, नाहीतर ज्याचे त्याला परत.

"म्हणजे वर्गणी," मी म्हणालो.

तो दुखावला. वर्गणी म्हटलं की याला मांडव, ढोल आणि दारात उभी पाच पोरं दिसतात. मी सात वर्षं गणेश मंडळाचा खजिनदार होतो. मला त्यात दुखावण्यासारखं काही दिसेना. पण तो झोळीतून वही काढून सांगायला लागला, की क्राउडफंडिंगचं एक शास्त्र असतं. पहिले तीस टक्के आपल्याच माणसांनी भरायचे, मग तो आकडा बघून अनोळखी माणसं विश्वासानं पुढे येतात. मी त्याला सांगितलं की बाबा, हे शास्त्र आम्ही पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर सराफाच्या नावाची खोटी पावती फाडून राबवत होतो. दुकानदाराला पान उलटून दाखवायचं, बोलायचं काहीच नाही. तो मनातल्या पन्नासचे आपणहून शंभर करायचा.

त्यापुढे जाऊन मी त्याला पैसाफंड सांगितला. अंताजीपंत काळे नावाचा माणूस गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत होता, टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि त्या पैशा-पैशातून इथं जवळ तळेगावला काचकारखाना उभा राहिला. आमच्या आजीची लोणच्याची बरणी तिथली, असं ती सांगायची. फुटली तेव्हा देशाचं नुकसान झाल्यासारखी बसून होती. हे ऐकून डायरेक्टर क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "काका, हे पिच व्हिडिओत घेऊ?"

त्याची स्वतःची उदाहरणं ठरलेली आहेत आणि त्यांचा क्रमही. आधी 'मंथन'. 1976 साल, गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक शेतकरी, प्रत्येकी दोन रुपये, दहा लाखांत बेनेगलांचा सिनेमा आणि पटकथा आपल्या तेंडुलकरांची! 'आपल्या'वर तो टेबलावर थाप मारतो. मग 'श्वास': ऑस्करला जायचं तर पैसे नव्हते, शाळेतल्या मुलांनी दिवाळीत पणत्या विकून मदत पाठवली. मग 2013 चा कन्नड 'लुसिया', लोकांनीच पैसे घातलेला. शेवटी आवाज खाली आणून फाळके. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना रोज थोडा थोडा चित्रित केला आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. "भारतातला पहिला पिच व्हिडिओ, काका! वाटाण्याचा!"

"पाच लाख लोकांकडून दोन रुपये घेतले ना," मी म्हणालो, "मग तूही दोनच माग."

फाळक्यांच्या गोष्टीत सरस्वतीबाईंचे दागिनेही येतात. ते सांगताना तो स्वयंपाकघराकडे बघतो, अशी त्याच्या आईची तक्रार आहे. तिनं त्याला एकदाच उत्तर दिलं: "त्या बायको होत्या. मी आई आहे. तू आधी लग्न कर, मग माग."

पिच व्हिडिओ आमच्या गॅलरीत झाला, कारण आमच्याकडे सकाळचं ऊन 'सॉफ्ट' येतं. हे मला बावीस वर्षं राहून माहीत नव्हतं. तीन मिनिटांच्या भाषणाचे सतरा टेक झाले. चौथ्यात कुकर, सहाव्यात भंगारवाला, नवव्यात डायरेक्टर स्वतःच रडला आणि बाराव्यात ते रडू पुन्हा आणता येईना. सगळं संपल्यावर साउंडवाल्या मुलानं हात वर केला. म्हणाला, आता रूम टोन घ्यायचाय. म्हणजे खोलीचा नुसता आवाज. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, पंखा बंद. त्यानं फ्रिजचं बटणही बंद केलं. गीझर बिघडलेला आहे म्हटल्यावर तर खूश झाला, एक आवाज कमी. आम्ही नवराबायको सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एक मिनिट काही न बोलता भिंतीकडे पाहत होतो. लग्नाच्या फोटोनंतर असा प्रसंग आलेला नव्हता.

रिवॉर्डची यादी संकेतस्थळावर लागली. पाचशे रुपये: श्रेयनामावलीत नाव. दोन हजार: सहीचं पोस्टर. पाच हजार: चित्रीकरण पाहायला प्रवेश. दहा हजार: सहनिर्माता. आणि पंचवीस हजार: दिग्दर्शकासोबत जेवण. हे शेवटचं वाचून मला घाम फुटला. हा मुलगा गेली आठ वर्षं आठवड्यातून दोनदा आमच्याकडे जेवतो. आल्या आल्या "काकू, आमटीचा वास येतोय" म्हणतो आणि स्वतःच ताट घेतो. आपण आजवर किती लाखांची उधळपट्टी केली याचा मी हिशेबच मांडला नाही.

सोसायटीनं पैसे दिले. कुरकुरत का होईना, दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पाचशे एकच द्यायचे होते, कारण पाचशे म्हणजे अर्धवट. वरचा एक रुपया कसा टाकायचा ते कळेना. शेवटी पाचशे ऑनलाइन आणि रुपयाचं नाणं डायरेक्टरच्या तळहातावर. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी पाचशे भरून तीन अटी घातल्या: नाव आडनावासकट, मोठ्या टायपात आणि वरच्या मजल्यावाल्यांच्या आधी.

आणि इथून डायरेक्टरची साडेसाती सुरू झाली. पाचशे रुपयांत माणूस काय विकत घेतो, हे त्याच्या यादीत लिहिलेलंच नव्हतं. माणूस विचारण्याचा हक्क विकत घेतो. लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, मंडईत भाजी निवडताना, "काय डायरेक्टर, कुठवर आलं?" एकशे बारा माणसांनी पैसे दिले. एकशे बारा माणसं पुण्यात कुठंही भेटू शकतात. तो गल्ल्या बदलायला लागला. वैशाली हॉटेलात जायचा बंद झाला. मीही हजार रुपये भरले होते, म्हणजे आठवड्यातून दोनदा विचारण्याइतके. आमच्या हिनं मात्र कधी म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, हिला सिनेमात रस नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आकडा दोन लाख एकसष्ट हजार चारशेवर अडकला. डायरेक्टर आमच्या सोफ्यावर मोबाइल उताणा ठेवून बसला होता, आयसीयूबाहेर बसतात तसा. नऊ वाजता त्याच्या वडिलांनी पंधरा हजार भरले आणि खाली शेरा लिहिला, 'हे शेवटचे'. मास्तर होते ते, शेरा लिहिल्याशिवाय राहवत नाही. तरी तेवीस हजार सहाशे कमी. अकरा वाजता मी झोपायला गेलो. अकरा चाळीसला बाहेर किंकाळी ऐकू आली. कुणी 'एक हितचिंतक' पंचवीस हजार टाकून गेला होता. सोसायटीत दुसऱ्या दिवशी एकमत झालं: त्याची आईच. तिनं नाकारलं, त्यामुळे खात्री पटली.

चित्रीकरण तीन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या वाड्याची मागची भिंत बिल्डरनं पाडायला घेतली, तेव्हा म्हाताऱ्याचा भूतकाळ कापून टाकावा लागला. तिसऱ्या दिवशी पावसाचा प्रसंग होता. त्यासाठी पाण्याचा टँकर ठरवला, नळ्या आणल्या, छपरावर दोन पोरं चढवली. सकाळी सातला खराखुरा पाऊस सुरू झाला. कॅमेरा भाड्याचा, तो भिजून चालणार नाही. त्यामुळे पावसाचं चित्रीकरण पावसामुळे थांबलं. साडेचार तास एकोणीस माणसं ओसरीवर उभी राहून फुकटचा पाऊस बघत पोहे खात होती आणि टँकरवाला तासाचे पैसे मोजत होता. दुपारी ऊन पडलं, मग यांनी विकतचा पाऊस पाडला. पडद्यावर तो खोटा वाटतो. डायरेक्टरच्या मते तोच तर मुद्दा आहे.

खेळ लॉ कॉलेज रस्त्यापासून जवळच्या एका छोट्या सभागृहात झाला. फिल्म अकरा मिनिटं, नावं पावणेचार मिनिटं. फिल्म चालू असताना लोक शांत होते. काहींना ते कलात्मक वाटलं असेल, काही झोपले होते. नावं सुरू झाली आणि सभागृह जागं झालं. प्रत्येक नावाला एका कोपऱ्यातून टाळ्या. तळमजल्याचे गृहस्थ वरच्या मजल्याच्या खाली आले म्हणून थोडी कुजबुज. एका आजोबांच्या आडनावातली वेलांटी उडाली होती, ते उभे राहून म्हणाले, "हे दुरुस्त होईल का?" आणि पाचशे एकच्या आजींनी दिवे लागल्यावर विचारलं, "आमचं नाव परत दाखवता का? फोटो काढायचा राहिला." परत दाखवलं. फिल्म कुणी परत दाखवायला सांगितली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी तो आमच्याकडे आला. दाढी कातरलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात पेढ्यांचा पुडा. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बेल वाजवली. एरवी दार ढकलून येतो. हिशेबाचा कागद माझ्यासमोर ठेवला. खजिनदारानं तपासावा म्हणाला. संकेतस्थळाची दलाली, कॅमेऱ्याचं भाडं, टँकर, पोहे. चहाचे चार हजार आठशे साठ मला खटकले, पण एकोणीस माणसं आणि साडेचार तासांचा पाऊस लक्षात घेऊन सोडून दिले. दुसऱ्या कागदावर रिवॉर्डची यादी. एकशे बारा नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. पोस्टरं पोचली, सह्या झाल्या. फक्त एका ओळीपुढे जागा रिकामी.

"हा हितचिंतक कोण रे?" मी विचारलं. "तुला तर दिसत असेल तिकडे."

"ते गोपनीय असतं, काका."

स्वयंपाक तयार होता. आमटी, वांग्याची भाजी, आणि गुरुवार असूनही का कोण जाणे, श्रीखंड. तो स्वतःचं ताट न घेता पाटावर बसून राहिला, पाहुण्यासारखा. हिनं वाढलं. त्यानं नेहमीसारखी बडबड केली नाही, सावकाश जेवला, भात दोनदा घेतला. मग हात धुऊन आला, कुर्त्याला पुसायची सवय आवरून रुमालाला पुसले, खिशातून पेन काढलं आणि यादीतल्या त्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

मी हिच्याकडे बघितलं. ही आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"गीझरचं पुढच्या महिन्यात बघू," ती म्हणाली.