दाजी आधी स्टेरिंग हलवतात

ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी तीन ठिकाणी जातो. तुळजापूरला आई भवानीच्या पाया पडायला, फायनान्सवाल्याकडे हप्ता विचारायला आणि दाजींकडे. क्रम पुढेमागे होतो, पण दाजी चुकत नाहीत.

दाजी म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, कुठल्याही तालुक्यात जा, पाच-सात गावांमागे एक दाजी निघतातच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. लग्नानंतर सासुरवाडीतच राहिलेले, त्यामुळे अख्ख्या गावाचे जावई. गावाने दाजी म्हटलं म्हणून शोरूमचा मॅनेजरही त्यांना दाजीच म्हणतो, मग तो त्यांच्यापेक्षा मोठा का असेना. तरुणपणी दाजींनी कारखान्याला ऊस वाहिलेला असतो. कुणी ढोकीच्या तेरणाला, कुणी रांजणीच्या नॅचरल शुगरला, मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून. स्वतःचा ट्रॅक्टर त्यांनी केव्हाच विकला. आता त्यांच्या रानात भाड्याचा येतो. त्याने त्यांच्या अधिकाराला बाधा येत नाही. "आपली कुठल्या कंपनीशी सोयरीक न्हाई," एवढं सांगून ते विषय संपवतात.

शोरूममधली त्यांची पद्धत ठरलेली. सेल्समन हॉर्सपॉवर सांगत असतो, लिफ्ट किती किलो उचलते ते सांगत असतो, चहा मागवत असतो. दाजी ऐकत नाहीत. ते पुढच्या टायरला चपलेने एक टोला देतात, पायरीवर पाय ठेवून वर चढतात आणि सीटवर न बसता, उभ्याउभ्याच दोन बोटांनी स्टेरिंग डावी-उजवीकडे हलवून पाहतात. चाक हलायच्या आधी स्टेरिंग किती फिरतं, हे त्यांना बघायचं असतं. त्याला ते खेळ म्हणतात. नव्या गाडीत खेळ नावापुरताच असतो. सेकंडहँडमध्ये तो पाहूनच दाजी भाव पाडतात. तिथे तर ते मालकाच्या समोर स्टेरिंग एवढं फिरवून दाखवतात की मालक बिचारा स्वतःच पाच हजारांनी खाली येतो.

पॉवर स्टेरिंगच्या गाडीपाशी त्यांचा एक ठेवणीतला प्रयोग असतो. इंजिन बंद असताना ते गिऱ्हाइकाला स्टेरिंग फिरवायला लावतात. ते फिरता फिरत नाही. गिऱ्हाईक सेल्समनकडे बघतं. सेल्समन घाईघाईने सांगतो की, दाजी, त्यातला तेलाचा पंप इंजिनवर चालतो, चालू केल्यावर बघा की एका बोटावर वळतंय. दाजींना हे तीस वर्षांपासून माहीत असतं. "तेच म्हणायलो," ते म्हणतात, "उतारावर इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते बी सांगा ह्यास्नी." मुद्दा खरा आहे आणि बाकी शोरूमला तो त्या दिवशी पहिल्यांदाच सुचलेला असतो.

साधं स्टेरिंग वाईट, असं मात्र त्यांचं म्हणणं नाही. कमी भाग, कमी खर्च, गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. पण भिजलेल्या काळ्या रानात दिवसभर रोटा मारायचा तर संध्याकाळी खांदे बोलतात, आणि पोरगा दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसायला का-कू करतो. पोरगं बसणार असेल तर पॉवर घ्या, गडी बसणार असेल तर साधं चालेल. हा दाजींचा सर्वात वादग्रस्त सल्ला. त्यात गड्याचे खांदे हिशेबात नाहीत, हे कुणी बोलून दाखवत नाही.

त्यांचा खरा जीव अडकलेला असतो तो वळणात. ट्रॅक्टरची परीक्षा सरळ तासात होत नाही, बांधाला होते, असं ते मानतात. छापील पत्रकात वळणाचं माप दिलेलं असतं, आणि पुढे बारीक अक्षरात 'ब्रेकसह' असं लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर या जिल्ह्यात फक्त दाजी वाचतात. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, दोन्हीची पायडलं उजव्या पायाशी. बांधाला पोचलं की स्टेरिंग वळवायचं आणि फक्त आतल्या चाकाचा ब्रेक दाबायचा. आतलं चाक थांबतं, बाहेरचं त्याच्याभोवती फिरतं, आणि ट्रॅक्टर हातभर जागेत माघारी वळतो. बैलांच्या औताला हेच होतं. आतल्या बैलाचा कासरा धरायचा, बाहेरच्याला हाकायचं. दाजींच्या मते कंपन्यांनी नवं काही शोधलेलं नाही, कासऱ्याच्या जागी तेल घातलं एवढंच.

रस्त्यावर मात्र ही दोन पायडलं कडीने एकत्र बांधलेली असली पाहिजेत. रानातून थेट सडकेला लागलेला ट्रॅक्टर, कडी सुटीच, समोर अचानक म्हैस, आणि पाय पडला तो एकाच पायडलवर. वेगात असलेला ट्रॅक्टर जागेवर गरकन फिरतो आणि आडवा होतो. म्हणून नवी गाडी शोरूमबाहेर काढताना नारळ फुटतो, हार चढतो, फोटो होतात आणि या सगळ्या गडबडीत दाजी चाकाखाली काहीतरी पडल्यासारखे वाकलेले दिसतात. ते कडी लावत असतात. सोलापूर-धुळे महामार्गाला लागायच्या आत.

गेल्या काही वर्षांत दाजींचं काम वाढलं, कारण गाड्या लहान झाल्या. पूर्वी प्रश्न असायचा पस्तीस की पंचेचाळीस. आता समोर 15 एचपीचा महिंद्रा युवराज 215 असतो, त्याच गटातला स्वराज 717, 2021 मध्ये आलेला 11 एचपीचा अरुंद स्वराज कोड, चारही चाकं ओढणारे 24 एचपीचे महिंद्रा जिवो 245 आणि कुबोटा निओस्टार बी2441. तुळजापूर तालुक्यातल्या द्राक्षवाल्याला वेलींच्या ओळीतून फवारा ओढायचा असतो, सोयाबीनवाल्याला दीड फुटाच्या तासातून कोळपणी करायची असते. दोघेही एकच प्रश्न विचारतात, "दाजी, कोणता घेऊ?" दाजी उत्तर देण्याआधी रानाच्या कडेला किती फूट मोकळं सोडता ते विचारतात. बहुतेकांनी काहीच सोडलेलं नसतं. बांधापर्यंत पेरलेलं असतं, आणि जमलं तर बांधावरही.

अनुदानाचंही त्यांना तोंडपाठ. महाडीबीटीवर अनुसूचित जाती-जमाती, अल्पभूधारक आणि महिलांना ट्रॅक्टरसाठी 1 लाख 25 हजारांपर्यंत, बाकीच्यांना 1 लाखापर्यंत. या 25 हजारांसाठी कित्येकांना बायकोच्या नावचा सातबारा आठवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा दाजींच्या ओट्यावर चपला ठेवायला जागा उरली नाही.

एवढ्या ख्यातीच्या माणसाला परदेशातून फोन येणारच. प्रत्येक दाजींच्या बायकोचा एखादा भाचा पुण्यात शिकून अमेरिकेत गेलेला असतो. अशाच एका दाजींचा भाचा टेक्सासात असतो. आत्याचा नवरा म्हणून तो दाजींना मामा म्हणतो.

"मामा, गवत कापायचं मशीन घ्यायचंय."

"कशाला? इळा न्हाई का तिकडं?"

"एक एकर गवत हाय."

"जनावरं किती?"

"एकबी न्हाई."

"मग गवत पेरलंस कशाला?"

भाच्याने समजावलं की गवत विकायचं नाही, खायला घालायचं नाही, कापून तिथेच टाकायचं. आणि न कापून चालत नाही, वाढलं की वसाहतीची नोटीस येते. दाजी बराच वेळ गप्प राहिले. दुष्काळात चारा छावण्या पाहिलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "किती एचपी?" भाचा म्हणाला, बावीस. म्हणजे बिनकामाच्या गवताला युवराजापेक्षा मोठं इंजिन. ओट्यावरच्या मंडळींनी ही बातमी संध्याकाळपर्यंत तीन गावं पुढे नेली.

भाच्याने व्हिडिओ दाखवला. यंत्राला स्टेरिंगच नाही. बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब दांडे. डावा दांडा डाव्या मागच्या चाकाचा, उजवा उजव्याचा, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचा तेलाचा पंप व मोटर. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, दोन्ही ओढले की मागे, एक पुढे एक मागे केला की यंत्र जागच्या जागी गोल. नाव झिरो टर्न. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 1960 च्या दशकात हे 'हसलर' नावाने निघालं. आज जॉन डिअर आणि कुबोटाही ते विकतात. आपल्याकडे ट्रॅक्टर विकणाऱ्या याच त्या कंपन्या. जॉन डिअरचा तर पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना आहे.

पायडलावर आतलं चाक धरण्यात उमर गेलेल्या माणसाला हे कळायला अर्धं मिनिट पुरलं. पहिल्यांदा बसणाऱ्याला ते दांडे हिसके देतात, हेही त्यांनी न बसता सांगितलं. पण मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि पुढच्या चाकांवर बोट ठेवलं. ती दोन्ही मोकळी, जिकडे ढकलाल तिकडे वळणारी.

"उताराला ही धरत्यात का?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी दिलं. पुढची चाकं ना ओढतात ना धरतात, सगळी भिस्त मागच्या दोन चाकांवर. ओल्या उतारावर ती घसरली की दांडे कसेही हलवा, यंत्र खाली जातं. 15 अंशांपेक्षा जास्त चढ-उतारावर नेऊ नका, असं अशा यंत्रांच्या माहितीपुस्तकांत बहुधा बजावलेलं असतं. भाच्याच्या अंगणाच्या टोकाला ओढा आहे. झिरो टर्नमध्ये स्टेरिंगचाही प्रकार मिळतो. कब कॅडेट कंपनीच्या तशा यंत्रांत स्टेरिंग पुढच्या चाकांनाही वळवतं, त्यामुळे उतारावर ताबा बरा राहतो, पण पैसे जास्त. दाजींनी बालाघाटाच्या उताराला स्मरून निकाल दिला, स्टेरिंगवाला घे.

मधल्या काळात भाच्याने आणखी एक बातमी पाठवली. 2009 मध्ये गुगलने कॅलिफोर्नियातल्या आपल्या आवारातलं गवत चारून काढण्यासाठी सुमारे 200 शेळ्या भाड्याने आणल्या होत्या. दाजींनी दोन प्रश्न विचारले. शेळ्या उस्मानाबादी होत्या का, आणि भाडं शेळीवाल्याने दिलं की गुगलने? भाडं गुगलने दिलं, हे कळल्यावर त्यांचा अमेरिकेवरचा विश्वास बराच कमी झाला. आपल्याकडे चराई शेळीवाला देतो.

भाच्याने शेवटी दांड्यांचंच मशीन घेतलं. शेजाऱ्याकडे तेच होतं. ओढ्याकडची पट्टी मात्र तो हाताने ढकलायच्या छोट्या मशीनने कापतो. दाजींना वाईट वाटलं नाही. इथेही त्यांचं दोन तास ऐकून घेऊन माणसं मेव्हण्याच्या गाडीच्या रंगाचीच गाडी आणतात. मेव्हण्याकडे लाल तर लाल, निळी तर निळी. दाजी त्याही गाडीच्या पेढ्याला हजर असतात, आणि पेढा तोंडात टाकायच्या आधी स्टेरिंग हलवून बघतात.

शोरूमला जाणार असाल तर तुमच्या भागातल्या दाजींना सोबत न्या. नाहीच सापडले तर डेमो स्वतःच्या रानात मागा, अवजार जोडून आणि पार बांधापर्यंत. रान ओलं असेल तर सेल्समन कुरकुर करील, करू द्या. आणि नवी गाडी सडकेला काढण्याआधी ब्रेकच्या दोन पायडलांची कडी लागली आहे का, ते वाकून बघा. हाराचे फोटो नंतरही निघतात.