कासव पाहण्याची एसओपी

ऑस्ट्रेलियात फिलिप बेटावर अंधार पडताना पेंग्विन समुद्रातून वर येतात आणि ते पाहायला जगभरातून माणसं जातात. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या माणसाला एवढी रजा मंजूर होत नाही. त्याने वेळासला जावं. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं हे गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्रात जातात. दिशा उलटी, पण ताटकळणं तेच.

आधी वार ठरवा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि पोरांच्या शाळेला रविवारी, यावरून घरोघरी भांडणं झाली आहेत. वेळासपुरता गुरुवारवाला जिंकतो. रविवारी किनाऱ्यावर कासवाआधी तुमच्याच सोसायटीचे चेअरमन दिसतात आणि मेन्टेनन्सची आठवण करून देतात.

बुधवारी शिफ्ट सुटली की निघावं. पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून सावित्रीची खाडी ओलांडायची. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला कोंडीतून ज्याने गाडी काढली आहे, त्याला ताम्हिणीच्या वळणांचं काय कौतुक! बोटीवर मात्र हातवारे करणाऱ्या पोराचं मुकाट ऐकावं. आपण गाड्या बनवतो, हे त्याला सांगू नये.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरी. मोदक हवे असतील तर आधी सांगावं, बाकी पानात येईल ते खावं.

आता मुख्य काम. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि मागे न बघता निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे पळवत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती कुंपणात सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. पण कधी किती निघतील, याचा नेम नसतो. तेव्हा कार्यकर्ता घरट्यावर झाकलेली टोपली उचलत असताना ‘आजचं टार्गेट किती?’ असं विचारू नये. कधी चाळीस निघतात, कधी दोन, कधी नुसती वाळू. त्यातही मोठं होईपर्यंत हजारात एखादंच जगतं म्हणतात. क्वालिटीवाल्यांनी हा आकडा ऐकून लाइन बंद करायला धावू नये.

पिल्लू तळहातावर मावेल एवढं, काळपट. वल्ह्यासारखे पाय मारत चार इंच जातं, थांबतं, पुन्हा निघतं. तुमच्या बुटाचा ठसा त्याला खड्डा असतो, म्हणून दोरीच्या मागेच उभं राहायचं. पाण्यापाशी पोचतं न पोचतं तोच लाट त्याला उलटंपालटं करून पुन्हा वाळूवर आणून टाकते. या क्षणी चाकणकराचा हात शिवशिवतो. लाइनवर पार्ट अडकला की हात घालायची सवय. पण इथे घालायचा नाही. या चालण्यातच किनाऱ्याची खूण त्याच्यात उतरते, असं मानतात. वयात आलेल्या माद्या बहुधा जन्मभूमीच्या आसपासच अंडी घालायला येतात.

मोबाइल खिशात. फिलिप बेटावर पेंग्विनचे फोटो काढायलाच बंदी आहे. इथे निदान फ्लॅश आणि टॉर्च नको. पिल्लं उजेडाकडे वळतात. समुद्र सोडून एखादं तुमच्या रीलकडे चालत आलं तर लाइक मिळतील, पण कासव जाईल.

टोपली रिकामी निघाली तर शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा हजर राहायचं. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असेल तर ती आधीच कुणाशी तरी बदलून घ्यावी. ‘कासवासाठी थांबलोय’ हे कारण सुपरवायझर एकदा ऐकून घेतो आणि मग वर्षभर ऐकवतो.