मुहूर्त गाठला, डोकं राहिलं

दसऱ्याला दुचाकीच्या शोरूममध्ये जावं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे साऱ्या गावाला एकाच घटकेला किल्ली हवी असते. जाहिरातीत ठळक छापलेली किंमत एक्स-शोरूम असते, म्हणजे गाडी शोरूममध्येच ठेवून रोज पाहायला येणार असाल तर! रस्त्यावर यायचं तर रोड टॅक्स, नोंदणी, २०१८ पासून सक्तीचा झालेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा. शिवाय कुठे कुठे ‘हँडलिंग चार्जेस’. हाताळणी नेमकी कशाची, हे विचारू नये, बहुधा गिऱ्हाइकाची.

मग पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण लिंबू चिरडल्याशिवाय ब्रेक लागतील यावर आमचा विश्वास नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या दुचाकीबरोबर कंपनीने हेल्मेटही द्यायचं असतं. ते मिळालंच तर आरशाला लटकतं आणि वाटेत पेढे ठेवायला कामी येतं. डोक्याला गंध लावलेलं असतं ना!

गल्लीत शिरताच पहिला प्रश्न, “ॲव्हरेज किती देते?” ब्रेक कसे आहेत, हे कुणी विचारत नाही.

चार दिवसांत मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवून होतं. आरसीवर मात्र कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असतं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरा आशीर्वाद तिचाच.