सामायिक छपाई योग

आमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर गेले आणि कागदाचा खर्च एकदम खाली आला. प्रिंटर एकच, अकाउंट्सच्या बाईंच्या मशीनला जोडलेला, पण सामायिक. कोणीही छापावं. फक्त ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ६३१ नंबरचं पोर्ट उघडायचं, कप्स या छपाईच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड द्यायचा, आयपीपी की सांबा यांतलं एक स्थळ पसंत करायचं, बाईंच्या फायरवॉलची मर्जी सांभाळायची आणि आपल्या मॉडेलच्या जवळपासचा एखादा ड्रायव्हर निवडायचा. मग पडद्यावर ‘प्रिंटर तयार आहे’ असं उमटतं. ते वाचून तृप्त व्हावं. (बाई पाचला मशीन बंद करून लोकल पकडतात, तो भाग वेगळा.)

रजेचा अर्ज छापण्याआधी माणूस आता दोनदा विचार करतो. पुष्कळदा रजाच रद्द करतो. ही व्यवस्था मंत्रालयात तातडीने बसवावी. जीआर निघणारच नाहीत, म्हणजे ते मोडलेही जाणार नाहीत.

शिवाय परंपरेशी इमान! १९८०च्या सुमारास एमआयटीतल्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा प्रिंटर अडायचा आणि रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा सोर्स कोड मिळेना. १९८३मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ती चीडही होती. आज कप्सचा सोर्स कोड सताड उघडा आहे. काल म्हटलं, निवांत वाचावा, म्हणून छापून आणला.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पानाला दोन रुपये घेतले.