दरवाढीचा पत्ता: तेरावा मजला, कफ परेड

महाराष्ट्रात विजेचे दर कोण वाढवतं, या प्रश्नाचं उत्तर पूर्वी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सरकार वाढवतं. वीज मंडळ सरकारचं, ऊर्जामंत्री सरकारचा, तेव्हा मोर्चा कुठे न्यायचा आणि पुतळा कुणाचा जाळायचा याबद्दल कार्यकर्त्यांत कधी दुमत नसे. ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि लोकशाहीची ही एक चांगली सोय गेली. आता दरवाढीचा पत्ता कफ परेड, वर्ल्ड ट्रेड सेंटर, तेरावा मजला. तिथे कंदील घेऊन गेलेल्या मोर्चाला खालचा सुरक्षारक्षकच विचारणार, "कुठल्या ऑफिसला जायचंय? अपॉइंटमेंट आहे का?"

मंत्रालय तिथून फार लांब नाही. पण तेवढं अंतर पुरतं. दर वाढले की मंत्रालय सांगतं, आयोग स्वायत्त आहे, आम्हाला त्यात बोट घालता येत नाही. दर उतरले की मात्र ते कसे उतरवले हे खुद्द मुख्यमंत्री समाजमाध्यमांवर सांगतात. जून 2025 मध्ये पहिल्या वर्षी दहा टक्के आणि पाच वर्षांत सव्वीस टक्के स्वस्ताईची बातमी आपल्याला मिळाली ती अशीच. तेराव्या मजल्यावरच्या मंडळींनी त्या दिवशी ती आपल्यासारखीच मोबाइलवर वाचली असेल, तर त्यांच्या अलिप्ततेला दाद द्यायला हवी.

आयोग स्वतंत्र आहे याबद्दल कुणी शंका घेऊ नये. 2003 च्या वीज कायद्यात सगळं तपशीलवार लिहिलंय. पाच वर्षांची मुदत, पासष्टी गाठली की घरी. निवड समितीवर उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती असतात आणि शेजारच्या खुर्चीत राज्याचे मुख्य सचिव. आजवरचे बहुतेक अध्यक्ष सनदी सेवेतून आलेले. उभी हयात सरकारचं ऐकण्यात गेल्यावर सरकारचं न ऐकण्याचं काम ज्याला जमेल अशी माणसं अन्यत्र मिळतात तरी कुठे? याच कायद्याचं कलम 108 तर जेवणानंतर शांतपणे वाचण्यासारखं आहे. लोकहिताच्या धोरणात्मक बाबींत राज्य सरकार देईल त्या निर्देशांना धरून आयोगाने चालावं, असं ते म्हणतं. मग एखादी बाब धोरणात्मक आहे की नाही यावरच वाद झाला तर? तर सरकार म्हणेल ते अंतिम. स्वातंत्र्याची हद्द कुठवर, हे ज्याच्यापासून स्वतंत्र व्हायचं त्यालाच विचारायचं. वाटणीच्या भानगडी मिटवायची याहून सोपी युक्ती आपल्या एकत्र कुटुंबांनाही सुचली नव्हती.

वाटणीवरून आठवलं. जून 2005 मध्ये वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी. मालक चौघींचा एकच. पहिली वीज करते, दुसरी वाहून नेते, तिसरी आपल्या गळ्यात घालते. प्रत्येकीचा खर्च वेगळा, प्रत्येकीचा परतावा वेगळा आणि प्रत्येकीचा दर ठरवायला आयोग. शेवटी बेरीज ज्याच्या बिलावर येते त्याचं नाव ग्राहक.

दर ठरवण्याची रीत मंडईतल्या घासाघिशीहून वेगळी नाही. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक बोलत नाही, त्याच्या वतीने पंच बोलतो. 2023 च्या मध्यावधी आढाव्यात महावितरणने तूट सांगितली सदुसष्ट हजार कोटींची. वर्तमानपत्रांत सदतीस टक्के दरवाढीचे मथळे झळकले. लोकांच्या पोटात गोळा आला. मग आयोगाने कागद तपासले, तूट एकोणचाळीस हजार कोटींच्या घरात आणली आणि दरवाढ दिली पहिल्या वर्षी 2.9 टक्के, दुसऱ्या वर्षी 5.6. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मागणारा खूश, कापणारा खूश, आणि खिसा कापला गेला तो सदतीसच्या मानाने फारच कमी कापला गेला म्हणून ग्राहकही खूश. ही टक्केवारी इंधन समायोजन आकारासकटच्या बिलाशी तुलना करून काढलेली, म्हणजे आधीच चढलेल्या बिलावरून पुढची चढण मोजलेली, असं ग्राहक संघटना ओरडत राहिल्या. पण सरासरीच्या आड बिलातला एवढा मोठा स्थिर आकारही सहज लपतो, तिथे त्यांचा आवाज कुठला ऐकू येणार?

आवाजाचं म्हणाल तर जनसुनावणी एकदा पाहावीच. पूर्वी ती विभागाविभागांत सभागृह घेऊन व्हायची. लोक बिलांची भेंडोळी नाचवायचे, एखादा शेतकरी जळालेल्या रोहित्राची हकीकत सांगताना टेबलावर मूठ आपटायचा. करोनानंतर ती पडद्यावर आली आणि मूठ आपटणं बंद झालं. फार तर 'रेझ हँड'चं बटण दाबता येतं. कंपनीचे अधिकारी 'एकूण महसुली गरज' या विषयावर तक्त्यांमागून तक्ते दाखवतात. मग नंबर लागतो तालुक्याच्या गावच्या एका निवृत्त मास्तरांचा.

"सर, मीटर रीडिंगला माणूसच येत नाही, सरासरी बिल…"

"काका, तुमचा माइक बंद आहे."

माइक चालू होतो. मागे कुकरच्या शिट्ट्या. मास्तर पुन्हा पहिल्यापासून सांगतात. ऐकून घेतल्यावर अतिशय सौजन्याने त्यांना कळवलं जातं की ही वैयक्तिक तक्रार आहे, तिच्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल आहेत. आज आपण 2029-30 पर्यंतच्या महसुली गरजेवर बोलतोय. मास्तर त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. ते 2029-30 वर मत देतात. कार्यवृत्तात त्यांचं नाव येतं.

इतकं असूनही आयोगाला निरुपयोगी म्हणणं हा कृतघ्नपणा होईल. आयोग येण्याआधी मंडळ सांगायचं की आमची वीजगळती वीस टक्क्यांच्या आतच आहे. उरलेली सगळी शेतीपंप पितात. पंपांना मीटर नव्हते, त्यामुळे ते किती पितात हे मंडळ ठरवेल तेवढं. पहिल्याच दरनिश्चितीत पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडे हातात घेतले, आयोगाने प्रश्न विचारले आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. आकडे टाकून वीज नेणारे, मीटर फिरवणारे आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे असे सगळे इतकी वर्षं बिचाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर जेवत होते. हे उघड झालं ते आयोगामुळेच. अर्थात गळती कळली म्हणून थांबली असं नाही. आयोग मान्य करतो तेवढी गळती आजही प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या दरात मिसळलेली असते. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला; फक्त आता सिरिंजवर मापाच्या खुणा आहेत.

आणि मग मार्च 2025 आला. 28 तारखेला आयोगाने पुढच्या पाच वर्षांचा दर आदेश काढला. त्यासाठी याचिका, जाहीर नोटीस, हरकती, सुनावण्या, सगळं यथासांग झालेलं. 1 एप्रिलपासून वीज स्वस्त! 1 एप्रिल ही तारीख पाहूनच शहाण्यांनी ओळखायला हवं होतं. महावितरणने आदेशात चुका असल्याचं सांगून धाव घेतली आणि 2 एप्रिलला आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. पाच वर्षांच्या आदेशाला एक दिवस आयुष्य लाभलं. पुढे 25 जूनला फेरविचाराचा आदेश आला, 1 जुलैपासून नवे दर लागू झाले. मूळ आदेशाला सगळ्या महाराष्ट्राला बोलवलं होतं. फेरविचारात आम्हाला कुणी विचारलं नाही, असं म्हणत काहीजण उच्च न्यायालयात गेले. घरचं केळवण मात्र थाटात झालं होतं, याची त्यांनी नोंद घ्यायला हवी होती.

नव्या दरांत घरगुती ग्राहकाला एक खरीखुरी सवलत आहे. ज्याच्याकडे स्मार्ट मीटर आहे, त्याला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात युनिटमागे काही पैसे कमी. दिवसा सौर वीज मुबलक असते, हिशोब अगदी रास्त आहे. अडचण एवढीच की नऊ ते पाच या वेळात शहरातल्या बहुतेक घरांत कामावर असतो तो फक्त फ्रिज. तरी आमच्या सोसायटीने ही संधी सोडली नाही. सेक्रेटरींनी नोटीस लावली की पाण्याचा पंप दुपारीच चालेल आणि सभासदांनीही वॉशिंग मशीन, घरघंटी वगैरे त्याच वेळात लावून राष्ट्राला हातभार लावावा. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भरदुपारी दोन वाजता ज्वारी दळायला घेतली आणि खालच्या आजींची झोपमोड झाली. भांडण जिन्यात पोचलं. सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंना हरकती लेखी आणि तीन प्रतींत द्यायला सांगितल्या आहेत. निकाल 120 दिवसांत, तोवर ज्वारी अर्धीच दळलेली.