बेटावरची भावकी

मॉरिशसला लोक समुद्र बघायला जातात. आमचे काका गेले ते पणजोबांच्या धाकट्या भावाला शोधायला. पिशव्या उचलायला मी. वंशावळीतले बाकी सगळे पुरुष शूर, दानशूर, गेला बाजार गावचे मानकरी. या एकट्या गणूच्या नावापुढे नुसतं ‘बेटावर गेला’.

पोर्ट लुईत काकांनी आधी आप्रवासी घाट गाठला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी साडेचार लाखांवर हिंदुस्थानी मजूर करारावर या बेटावर आले. बहुतेक बिहारकडचे, काही मुंबई बंदरातून निघालेले आपले. धक्क्यावरच्या दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत; २००६ साली हा घाट जागतिक वारसा ठरला. काकांनी पायऱ्यांना वाकून नमस्कार केला. सरळ मात्र त्यांना मी केलं.

खरी परीक्षा मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत होती. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्यात: नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. तिथल्या मुलीने एवढंच विचारलं, “नंबर?”

उतरलेल्या प्रत्येक मजुराला नंबर मिळे. घरच्यांच्या जन्म-लग्नाच्या जुन्या दाखल्यांवर तो सापडतो. काकांकडे गोत्र होतं, कुलदैवत होतं, शिमग्याला पालखीचा पहिला खांदा कुणाचा हेही होतं. नंबर नव्हता.

“आडनावावरून बघा की.”

तेही जमेना. इथे मूळ पुरुषाचं नुसतं नावच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलेलं.

“म्हणजे आमचे सावंत इथे गणू झाले असतील?” काका हबकले.

शेजारी काकांच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे नंबर होता, जहाजाचं नाव होतं, खापरपणजोबांची उंची होती, डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा होता. अडलं होतं गावाशी. साहेबाने ते असं लिहिलं होतं की त्यात कोकणातलं कुठलंही गाव बसावं. जिल्हा तेवढा स्पष्ट: रत्नागिरी.

“रत्नागिरी म्हणजे आम्हीच, ताई! सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला.”

“पण हा व्रण?”

“आमच्याकडे सगळेच लहानपणी आंब्यावरून पडतात.”

शाळेत मराठी शिकलेल्या त्या बाईंना हे सगळं पटलं. काकांनी पेन्सिलीने त्यांना वंशावळीत घेतलं आणि गणपतीला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं. रजेची अडचण नव्हती. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

बाईंचा चेहरा उजळला. “मग गावच्या जमिनीत आमचाही वाटा असेल ना?”

काका वंशावळ गुंडाळू लागले. “तसं एकदम नाही सांगता येत हो. त्याला नंबर लागतो.”

“आहे की!” म्हणत बाईंनी कागद पुढे केला.